एम-बँड नाही, तरी शंका आहे: पुढची तपासणी कोणती?

'एम-बँड आढळला नाही.' अप्पांच्या रिपोर्टवरची ही ओळ ऐकून आईनं देवापुढे साखर ठेवली. चार महिन्यांनी नुसत्या खोकल्यानं त्यांचा मणका दबला, आणि मग बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) तपासणीत निदान झालं: नॉन-सिक्रेटरी मल्टिपल मायलोमा. तोच रिपोर्ट आज ज्यांच्या हातात आहे, पाठदुखी थांबत नाही, हिमोग्लोबिन उतरतंय आणि पुढचा पैसा कशावर घालावा हे सुचत नाही, त्यांच्यासाठी लिहितेय.

मायलोमा हा बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशी बहुधा एकाच साच्याचं प्रथिन रक्तात सोडत राहतात आणि सीरम इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीत, त्याचा ठळक पट्टा उमटतो. तोच एम-बँड. पण तो दिसतो शंभरातल्या सुमारे ८० रुग्णांत. इतर बऱ्याच जणांच्या पेशी प्रथिनाचा फक्त छोटा तुकडा, म्हणजे लाइट चेन, सोडतात. आणि सुमारे ३ टक्के रुग्णांत रक्तात किंवा लघवीत पट्टा सापडतच नाही. हा नॉन-सिक्रेटरी प्रकार.

म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन (रक्तातल्या सुट्या लाइट चेन मोजणारी चाचणी) यांत एकाचीच निवड करू नका. पहिली स्वस्त आहे, ती करावीच. पण ती कोरी आली तर दुसरी टाळू नका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॉन-सिक्रेटरी ठरवलेल्या २८ रुग्णांपैकी १९ जणांत फ्री लाइट चेन वाढलेली निघाली. म्हणजे आजार दिसत होता, फक्त पाहायची चाचणी चुकत होती. रिपोर्टमध्ये कॅपा आणि लॅम्डा या लाइट चेनच्या दोन प्रकारांचं गुणोत्तर बघा. ०.२६ ते १.६५ ही नेहमीची मर्यादा. किडनी बिघडलेली असेल तर ३.१ पर्यंतही जाऊ शकतं, तेवढ्यानं घाबरू नका. कॅपा आणि लॅम्डाच्या स्वतंत्र आकड्यांचं एकक मात्र नीट वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. आकडा दहापट बदलतो. वेगवेगळ्या किटचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा लॅब एकच ठेवा.

लघवीच्या साध्या पट्टीवर विसंबू नका. ती मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन नाही. आणि इम्युनोफिक्सेशनमध्ये, म्हणजे प्रथिनाचा प्रकार ओळखणाऱ्या चाचणीत, नुसती लाइट चेन दिसली, तर आयजीडी आणि आयजीई हे प्रथिनाचे प्रकार तपासले का, हे विचारून घ्या. ते प्रकार दुर्मीळ, पण नेहमीच्या संचात ते बहुधा नसतात.

फ्री लाइट चेनही ठीक आली आणि शंका मात्र कायम असेल, तर बोन मॅरोला पर्याय नाही. अप्पांच्या वेळी आम्ही त्या सुईच्या भीतीनं दोन आठवडे घालवले, याची मला अजून खंत वाटते. नुसता द्रव काढून भागत नाही. हाडाचा छोटा तुकडाही घ्यायला सांगा, कारण आजार मॅरोत ठिकठिकाणी विखुरलेला असतो आणि सुई मोकळ्या जागी पडू शकते. रक्तात काही न सोडणाऱ्या पेशींच्या आतही कॅपा किंवा लॅम्डा बहुधा सापडतं. ते या तुकड्यावर रंग देऊन पाहतात. फिश तपासणीचा (पेशींच्या गुणसूत्रांतले बदल शोधणारी तपासणी) नमुना त्याच वेळी पाठवला, तर पुन्हा टोचावं लागत नाही. या प्रकारात ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल तुलनेनं जास्त दिसते, औषध ठरवताना त्याचा उपयोग होऊ शकतो.

आता खरा पेच: पेट-सीटी की संपूर्ण शरीराचा एमआरआय? साध्या एक्स-रेवर भरवसा नको. हाडाचा ३० टक्क्यांहून जास्त भाग झिजल्याशिवाय त्यात खड्डा दिसत नाही. मॅरोत पसरलेला आजार लवकर दाखवण्यात एमआरआय सरस, किरणोत्सर्गही नाही; मात्र बराच वेळ बोगद्यात निश्चल पडावं लागतं, आणि दुखऱ्या पाठीला ते सोसत नाही. पेट-सीटीत किरणोत्सर्गी साखर टोचून ती कुठल्या पेशी ओढतात हे पाहतात; ते हाडाबाहेरच्या गाठीही दाखवतं आणि पेशी जिवंत आहेत की औषधानं विझल्या, हे सांगतं. साधारण दहातल्या एका रुग्णाच्या पेशी पेटमधली साखर ओढून घेत नाहीत, तिथं मात्र ते फसतं. नॉन-सिक्रेटरीत माझं मत पेटकडे झुकतं, कारण उपचार लागू पडतोय का हे मोजायला रक्तात आकडाच नसतो. शक्य असेल तर स्टेरॉइड सुरू होण्याआधी ते करून घ्या. पायातली ताकद जात असेल किंवा लघवी अडत असेल, तर मात्र तुलना करत बसू नका, त्याच दिवशी मणक्याचा एमआरआय.

अप्पांच्या पहिल्या पेटची सीडी आम्ही प्रत्येक भेटीला नेतो. डॉक्टर नवा स्कॅन तिच्याशेजारी लावतात, आणि मगच बोलायला लागतात.