इचिमोकू क्लाउड: नोकरी सांभाळून स्विंग ट्रेड करणाऱ्या एकीचा अनुभव

घर ठाण्यात, नोकरी ऐरोलीत. सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा मी ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये असते आणि साडेतीनला बंद होतो तेव्हा बहुधा मीटिंगमध्ये. त्यामुळे संध्याकाळी एकदाच चार्ट उघडून निर्णय घेता येईल अशी पद्धत मला हवी होती. गेले बरेच महिने निफ्टीतल्या मोठ्या शेअर्सवर, डेली चार्टवर आणि फक्त डिलिव्हरीत, म्हणजे शेअर घेऊन काही दिवस-आठवडे ठेवून, मी इचिमोकू हा भावावरून चार्टवर रेषा काढणारा इंडिकेटर वापरते आहे. ट्रेड कधी घ्यायचा हे सांगण्यात तो बेताचाच आहे. पण कधी घ्यायचा नाही हे तो ज्या स्पष्टपणे सांगतो, त्यासाठी मला तो मनापासून आवडतो.

गोइची होसोदा या जपानी पत्रकाराने १९३० च्या दशकात यावर काम सुरू केलं आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते पुस्तकरूपात आणलं. चार्टवर पाच रेषा येतात आणि पहिल्यांदा बघणारा गोंधळतोच. ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलंच, "अगं, एवढ्या रेषांत तुला दिसतं तरी काय?" मी तिला सांगितलं, आधी फक्त किजुन बघ. गेल्या २६ दिवसांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घेऊन त्यांचा मध्य काढला की किजुन. तेनकान तशीच, फक्त ९ दिवसांची. या दोघींची सरासरी ही ढगाची एक कड, ५२ दिवसांचा मध्य ही दुसरी, आणि दोन्ही २६ दिवस पुढे सरकवून काढलेल्या. या दोन कडांमधला पट्टा म्हणजेच ढग, क्लाउड. पाचवी चिकोऊ, म्हणजे आजचा क्लोज, बंद भाव, २६ दिवस मागे नेलेला.

इथे सरासरी आणि मध्य यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी गंमत त्यात आहे. मूव्हिंग ॲव्हरेज रोजच्या क्लोजने थोडी का होईना हलते. किजुन मात्र नवा उच्चांक किंवा नीचांक होईपर्यंत, किंवा जुना २६ दिवसांच्या बाहेर पडेपर्यंत, जागची हलत नाही. ती सरळ आडवी पडलेली दिसली की शेअर साइडवेज आहे, म्हणजे ना वर ना खाली, हे एका नजरेत कळतं. ढगाची ५२ दिवसांची कड आडवी असेल तर भाव तिथे अडखळतो, हेही मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

माझी रीत साधी आहे. भाव ढगाच्या आत असेल तर तो शेअर त्या दिवसापुरता यादीबाहेर. डेली क्लोज ढगाच्या वर आणि किजुन चढती असेल, तर भाव किजुनजवळ परत येण्याची वाट बघते. घेतल्यावर तिच्या थोडं खाली स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकण्याचा भाव, तोही जीटीटी (भाव येईपर्यंत थांबून राहणारी) ऑर्डर टाकून, आणि किजुन वर सरकली की रात्री तोही वर. ढगाच्या ब्रेकआउटवर, म्हणजे भाव ढग ओलांडून वर गेला की, थेट उडी मारणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. क्लोज ढगावर येईपर्यंत चालीचा मोठा हिस्सा होऊन गेलेला असतो. ढगाच्या आतले तेनकान-किजुन क्रॉस तर निव्वळ व्हिपसॉ, लगेच उलटणारे खोटे इशारे.

इंट्राडेवाल्यांसाठी, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्यांसाठी, एक हिशोब. आपला बाजार ३७५ मिनिटांचा, म्हणजे १५ मिनिटांच्या कँडल (तेवढ्या वेळेतली भावाची चाल दाखवणाऱ्या पट्ट्या) दिवसाला २५. ढग २६ कँडल पुढे ढकललेला, म्हणजे आज सकाळी समोर दिसतो तो कालच्या सकाळच्या आसपास ठरलेला. रात्रीत अमेरिकेत काही घडलं की गॅप अप, म्हणजे कालच्या भावापेक्षा एकदम वर उघडलेला बाजार, त्याच्यावरून उडी मारून जातो. एक तासाच्या चार्टवर शेवटची कँडल १५ मिनिटांचीच येते, तरी तिला पूर्ण तासाचा मान मिळतो. म्हणून सुट्टी घेतली की मी ७५ मिनिटांचा चार्ट लावते. त्यावर दिवसाच्या पाच समान कँडल पडतात आणि २६ कँडल म्हणजे आठवड्याहून जेमतेम जास्त.

ढग पुढे काढलेला दिसतो म्हणून तो भविष्य सांगतो असं क्लासच्या जाहिरातींत ठोकून दिलं जातं, त्याचा मला राग येतो. तो जुन्याच भावांचा बनलेला आहे. जून २०२४ चा निफ्टी उघडून बघा: ३ तारखेला एक्झिट पोलच्या जोरावर ३ टक्क्यांहून जास्त वर, ४ तारखेला निकालाच्या दिवशी जवळपास ६ टक्के खाली. कुठल्याच ढगात ते लिहिलेलं नव्हतं.

दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या वीकली ऑप्शनवर मी हा इंडिकेटर लावत नाही. ऑप्शनची किंमत, म्हणजे प्रीमियम, वेळेबरोबर झिजत राहतो आणि इचिमोकूला फक्त भाव दिसतो. त्यात २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधले) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेल्याचं बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलेलं आहे.

कमी व्हॉल्यूमच्या (खरेदी-विक्री कमी असलेल्या) स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअर्समध्येही तो चालत नाही. एखादीच लांब शेपटीची कँडल आली की ती किजुनला २६ आणि ढगाच्या कडेला ५२ दिवस खेचून धरते, मग रेषा सुंदर दिसते आणि तिथे खरेदी-विक्री झालेलीच नसते. अशा शेअरमध्ये साधा व्हॉल्यूम आणि आधीचे सपोर्ट, म्हणजे भाव पूर्वी घसरताना जिथे थांबला त्या पातळ्या, एवढंच मी बघते.