सोडलेला अँटी-रोल बार बांधून ठेवणारी किट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

पुढचा ॲक्सल अखंड आणि कॉइल स्प्रिंगवर असलेली गाडी खडकाळ वाटेवर नेणाऱ्यांना अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा आडवा दांडा, सोडणे नवीन नाही. बारची टोके ॲक्सलशी जोडणाऱ्या दोन लिंका, दोन पिना आणि पाच-सात मिनिटांचे काम. सोडलेला बार त्यानंतर नेमका कुठे राहणार, हा प्रश्न मात्र बहुतेकांना गाडीखाली आडवे झाल्यावरच पडतो, आणि मग डिकीत सापडेल त्या दोरीने तो सोडवला जातो. मीही बरीच वर्षे तेच केले. त्यामुळे पिनेवर चटकन निघणाऱ्या लिंकांसोबत चॅसीवर बसवायचे दोन ब्रॅकेट देणारी ही किट घेताना माझे लक्ष लिंकांकडे कमी आणि ब्रॅकेटांकडे जास्त होते. लिंका आता जवळजवळ सगळ्याच किटमध्ये बऱ्या मिळतात. खरा फरक बार सोडल्यानंतरच्या व्यवस्थेत असतो.

अँटी-रोल बार म्हणजे वास्तविक पिळाची स्प्रिंग आहे. दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, तर तो आपल्या बुशांमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या लवचिक कड्यांमध्ये, नुसता फिरतो. एकच चाक वर गेले की तो पिळला जातो आणि दुसऱ्या चाकालाही वर ओढू पाहतो. वळणावर गाडी कमी कलते ती यामुळेच, आणि खडकावर एक चाक चढल्यावर दुसरे हवेत लटकते तेही यामुळेच. बारचा ताठरपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, म्हणजे २५ मिलिमीटरच्या जागी ३० मिलिमीटरचा भरीव बार बसवला तर तो दुपटीहून थोडा अधिक ताठर होतो. ज्यांनी रस्त्यावरच्या स्थिरतेसाठी जाड बार बसवून घेतला आहे, त्यांना तो वाटेवर सोडण्याची गरज इतरांपेक्षा अधिक भासते, ती या हिशेबाने.

एकाच बाजूची लिंक काढली तरी बारचा पीळ नाहीसा होतो; मग दुसरी कशाला काढायची, असे अनेकांना वाटते. परंतु तेव्हा बारचे मोकळे टोक जोडलेल्या बाजूच्या चाकाबरोबर वर-खाली हलत राहते, आणि ते टायरच्या आतल्या अंगाला, ब्रेकच्या होजला किंवा एबीएसच्या वायरला कधी लागेल याचा नेम नसतो. दोन्ही लिंका काढल्या आणि बार तसाच सोडला, तर तो स्वतःच्या वजनाने खाली फिरून ॲक्सलवर किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर येऊन बसतो. रबरी हुकांच्या दोरीने बांधलेला बार माझ्याकडे एकदा असाच सुटला होता. एका जोरदार आपटीत हुक निसटला, लिंक खाली आली, आणि पुढच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरेना. उतरून पाहिले तेव्हा टायरच्या आतल्या बाजूवर बोटभर लांबीचा ओरखडा होता. नुकसान एवढ्यावरच थांबले, ते वेग कासवाचा होता म्हणून. प्लॅस्टिकच्या झिप टायचा अनुभवही फारसा वेगळा नाही. ऊन आणि इंजिनची उष्णता खाऊन ती काही महिन्यांत कडकडीत होते आणि नेमकी थंडीच्या सकाळी तुटते.

या किटमध्ये प्रत्येक लिंकचे वरचे टोक बारच्या टोकाशी कायमचे जोडलेले राहते. खालच्या टोकाला गोल डोळा असून तो ॲक्सलच्या ब्रॅकेटवर बसवलेल्या खुंटीवर सरकतो, आणि खुंटीच्या आडव्या छिद्रात आर-क्लिप (R अक्षराच्या आकाराची तारेची क्लिप) घातली की काम झाले. अगदी तशीच, त्याच मापाची खुंटी चॅसीवरच्या ब्रॅकेटवर आहे. लिंक ॲक्सलवरून काढायची, बारसकट वर फिरवायची, डोळा वरच्या खुंटीवर सरकवायचा आणि तिथली क्लिप लावायची. सुटा भाग एकही उरत नाही, डिकीत काही सांभाळावे लागत नाही, आणि चिखलात पिना शोधाव्या लागत नाहीत. ही कल्पना मला मनापासून पटली.

बसवताना मात्र तिची एक बाजू उघडी पडली, आणि ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बारची दोन्ही टोके एकाच दांड्याची असल्यामुळे ती नेहमी एकत्रच फिरतात. डाव्या खुंटीची उंची उजवीपेक्षा पाच मिलिमीटरने जरी वेगळी पडली, तरी एक डोळा बसल्यावर दुसरा बसवण्यासाठी बार तेवढा पिळावा लागतो, आणि ज्या दांड्याचे कामच पिळाला विरोध करणे आहे त्याला गाडीखाली आडवे पडून हाताने पिळणे सोपे नसते. म्हणूनच चॅसीवरच्या ब्रॅकेटांची छिद्रे लांबट असायला हवीत, म्हणजे खुंटी वर-खाली सरकवून जुळवता येते. या किटमधील उजव्या ब्रॅकेटचे छिद्र लांबट आहे आणि डाव्याचे, का कोण जाणे, गोल. उजव्या बाजूला मिळणारी सरक मला पुरली नाही. शेवटी डाव्या ब्रॅकेटचे छिद्र कानशीने लांबवले, उघड्या पडलेल्या पत्र्याला रंग लावला, आणि मगच दोन्ही डोळे बोटांच्या जोराने बसू लागले. चॅसीला मात्र कोणी कानस किंवा ड्रिल लावू नये. चूक ब्रॅकेटची असेल तर दुरुस्तीही ब्रॅकेटमध्येच व्हावी.

किटच्या माहितीपत्रकात ब्रॅकेटचा पत्रा किती जाड आहे यावर बराच भर आहे. मला तो भर चुकीच्या जागी वाटतो. बार जोडलेला असताना गाडी कलण्याचा सगळा जोर ॲक्सलवरच्या खालच्या खुंटीवर येतो, त्यामुळे मजबुती हवी ती तिथे. चॅसीवरच्या खुंटीला फक्त बारचे काही किलो वजन आणि खडकांवरचे हादरे पेलायचे असतात. तिथे पत्रा जाड असण्यापेक्षा जागा अचूक असणे आणि क्लिप पक्की असणे अधिक मोलाचे आहे, आणि नेमक्या याच दोन गोष्टींत ही किट थोडी कमी पडते.

क्लिपविषयी माझी तक्रार स्पष्ट आहे. सोबत आलेल्या आर-क्लिपा बारीक तारेने ब्रॅकेटला अडकवलेल्या आहेत, जेणेकरून त्या हरवू नयेत. दाट झुडपांतून जाताना एका फांदीने ती तार ओढली आणि तारेने क्लिप ओढून काढली. हरवू नये म्हणून केलेली सोयच तिला घेऊन गेली. डोळा खुंटीवरून पूर्ण निसटण्याआधी मी थांबलो होतो, कारण खळखळ ऐकू आली. त्यानंतर चारही क्लिपांच्या जागी ट्रॅक्टरच्या अवजारांना लावतात तसल्या, कडी मिटून बसणाऱ्या लिंच पिना घातल्या आणि तारा कापून टाकल्या. तेव्हापासून एकही पीन हललेली नाही. उत्पादकाने या पिना मुळातच दिल्या असत्या, तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

खळखळीचाही उल्लेख करायला हवा. वरच्या खुंटीवर डोळा किंचित सैल बसतो आणि खडबडीत वाटेवर धातूवर धातू आपटल्याचा आवाज येतो. प्रत्येक डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड रबरी वॉशर घातल्यावर तो जवळपास थांबला. पॉलियुरेथेनचे बुश चिखलानंतर करकरतात, त्यांना सूचनेप्रमाणे सिलिकॉन ग्रीस लावत राहिले की शांत असतात.

बांधलेला बार खरोखर सुरक्षित जागी आहे का, हे सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून कळत नाही. बार चॅसीवर स्थिर असतो, पण ॲक्सल त्याच्याकडे वर येतो. मी एक पुढचे चाक उंच दगडावर चढवून, ॲक्सल बंप स्टॉपला (त्याला आणखी वर येऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत स्प्रिंग दाबली आणि त्या स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून टायर, होज आणि वायर यांचे अंतर तपासले. नंतर दुसऱ्या चाकाने तेच केले. माझ्या गाडीत सर्वांत कमी जागा टायरपाशी नसून डाव्या ब्रेकच्या होजपाशी निघाली, म्हणून होजची क्लॅम्प थोडी मागे वळवावी लागली. बार सुटल्यावर लटकणारे चाकही पूर्वीपेक्षा खाली जाते, तेव्हा होज त्या टोकालाही ताणली जात नाही ना, हे त्याच फेरीत पाहावे. गाडीची उंची वाढवून घेतलेल्यांनी तर हे टाळूच नये.

परत जोडण्याचा अनुभव मिश्र आहे. जमीन सपाट असेल तर पहिली बाजू सहज बसते आणि दुसरीसाठी कोणीतरी बंपरचा एक कोपरा दाबला की पुरते. जमीन कलती असेल तर दुसरा डोळा खुंटीच्या वर किंवा खाली बोटभर राहतो, आणि एकट्याने ते जुळवताना संयमाची परीक्षा होते. खुंटीला ग्रीस लावलेले असेल आणि डोळा पुसून घेतला असेल तर वेळ निम्मा होतो. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही बाजू जोडणे अनिवार्य आहे, कारण बार सुटलेली गाडी एकदम चुकवाचुकवी करावी लागली तर विलक्षण कलते. मी लिंका सोडल्या की लाल कापडाची एक पट्टी स्टिअरिंगला बांधतो. किटमध्ये अशी काही आठवण देणारी वस्तू नाही.

ज्यांना गाडीखाली जायचेच नाही त्यांच्यासाठी कारखान्यातूनच मिळणारे उपाय आहेत. जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत पुढचा बार मुळातच दोन भागांत असून बटणाने ते एकमेकांपासून सुटतात, आणि वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेला की आपोआप जोडले जातात. २०२१ साली नव्या रूपात आलेल्या फोर्ड ब्रॉन्कोच्या काही आवृत्त्यांत बारवर ताण असतानाही तो सोडता येतो. या दोन्हींत लिंका जागच्या हलत नाहीत, म्हणून बांधून ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र त्या यंत्रणेत पाणी किंवा बिघाड शिरला तर वाटेवर पाना घेऊन फार काही करता येत नाही. हाताने सोडायच्या लिंकांत बिघडण्यासारखे फारसे नाही.

पाचपैकी मी या किटला साडेतीन गुण देतो : लिंका आणि मूळ कल्पनेसाठी पूर्ण गुण, आणि वजाबाकी क्लिपा व त्या गोल छिद्रासाठी. घेणाऱ्यांनी चार लिंच पिना, चार रबरी वॉशर आणि एक गोल कानस आधीच आणून ठेवावी, आणि बसवण्यासाठी सूचनापत्रात लिहिलेल्या दोन तासांऐवजी अर्धा दिवस धरावा.