खरे हसू, आणलेले हसू: डोळ्यांची सुरकुती पाहावी की ओठांची गती?
मनापासून आलेले हसू आणि सांगितल्यावर आणलेले हसू वेगळे ओळखण्याचा जुना मार्ग डोळ्यांकडे पाहतो. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू इच्छेने हलवता येतो, परंतु डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदावाचून आकुंचन पावत नाही, असे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये मांडले. ही खूण स्थिर छायाचित्रातही दिसते, ही तिची मोठी सोय आहे. मात्र अनेकांना ती मुद्दाम आणता येते. शिवाय ओठ जोराने ताणले की गाल वर चढून डोळ्यांच्या कडेला तशीच सुरकुती पडते.

दुसरा मार्ग गतीचा आहे. व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीत ओठांच्या कोपऱ्यांचे आणि पापण्यांचे स्थान मोजून हसू किती वेगाने उमलते, किती टिकते आणि कसे मावळते हे त्यात तपासले जाते. कोन आणि श्मिट या संशोधकांना उत्स्फूर्त हसण्यात ओठांची हालचाल लहान आढळली, आणि तिचा विस्तार व कालावधी यांचे नाते अधिक नियमित दिसले. ॲमस्टरडॅममध्ये ४०० व्यक्तींच्या १,२४० चित्रफिती याच कामासाठी जमवण्यात आल्या.

चित्रफीत उपलब्ध असेल तर मी निःसंशय गतीवर भिस्त ठेवेन, कारण स्नायू आवळणे शिकता येते, पण हसण्याचा काळ सांभाळणे फार अवघड असते. केवळ छायाचित्र हाती असेल, तर सुरकुतीवरून ठाम निष्कर्ष काढू नये.