लेवार्डन–स्तावोरन: समुद्राकडे निघालेली, तळ्याशी थांबणारी रेल्वे

नेदरलँड्सच्या उत्तरेला फ्रीसलंड प्रांत आहे. त्याच्या राजधानीतून, म्हणजे लेवार्डनहून, नैर्ऋत्येला स्तावोरनपर्यंत जाणारा सुमारे ५० किलोमीटरचा रेल्वेमार्ग हा या परीक्षणाचा विषय. मार्ग एकेरी आहे, वर विजेची तार नाही, आणि शेवटच्या स्थानकापुढे रूळ नाहीत, बंदर आहे. रोजच्या प्रवासाची सेवा म्हणून गुण द्यायचे तर लेवार्डन ते स्नेक या तुकड्याला पाचपैकी साडेचार, स्नेकच्या पुढे साडेतीन. पण केवळ पाहण्यासाठी जाणार असाल तर हे गुण उलटे वाचा. खरी मजा पुढच्याच तुकड्यात आहे.

हा मार्ग असा अर्ध्यात संपल्यासारखा का दिसतो, ते इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. जून १८८३ मध्ये लेवार्डनहून स्नेकपर्यंत गाडी सुरू झाली आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये ती स्तावोरनला पोहोचली. त्याच वर्षी समोरच्या किनाऱ्यावर, होर्नकडून येणारा रेल्वेमार्ग एंकहाउझनला येऊन थांबला होता. मध्ये होता झाउडरझे, म्हणजे उत्तर समुद्राचा देशाच्या पोटात शिरलेला उथळ फाटा. १८८६ पासून या दोन टोकांना आगबोटीने जोडलं. ॲमस्टरडॅमहून आगगाडीने एंकहाउझन, बोटीने स्तावोरन, पुन्हा आगगाडीने लेवार्डन. झ्वोले आणि मेपलवरून जमिनीने जाणारा रस्ता १८६८ पासून होता, पण तो लांबचा वळसा होता. १८९९ पासून तर मालाचे डबेही बोटीवर चढवून पलीकडे नेले जाऊ लागले. थोडक्यात, स्तावोरन हे तेव्हा शेवटचं स्थानक नव्हतंच, ते गाडी बदलण्याचं ठिकाण होतं, फक्त पुढची गाडी पाण्यावर चालायची.

२८ मे १९३२ ला आफस्लाउटडाइक हा ३२ किलोमीटरचा बांध पूर्ण झाला आणि झाउडरझेचं आयसलमेअर नावाचं गोड्या पाण्याचं तळं झालं. दुसऱ्या वर्षी बांधावरून मोटारींची वाहतूक सुरू झाली. बोटीचं महत्त्व तिथेच ओसरलं आणि रेल्वेचा हा फाटा एका टोकाला बंद गल्लीसारखा उरला. बोझुम, स्कार्नेगाउटुम यांसारखे मधले छोटे थांबे पुढे बंद झाले. मार्ग मात्र टिकला, आणि देशातले कितीतरी ग्रामीण फाटे उखडले गेले हे लक्षात घेतलं तर ही साधी गोष्ट नाही.

गाड्यांकडे वळू. १९८० च्या दशकात इथे ‘वॅडलोपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या डिझेल गाड्या आल्या. ओहोटीला समुद्राच्या चिखलातून चालत जाण्याच्या स्थानिक छंदावरून हे नाव पडलं. १९९९ मध्ये राष्ट्रीय कंपनी एनएसकडून हा मार्ग नूर्डनेड या कंपनीकडे आणि पुढे अरीव्हाकडे गेला. सध्या धावतात त्या स्विस बनावटीच्या श्टाडलर गाड्या, दोन प्रकारच्या. जुनी जीटीडब्ल्यू २००६–०७ च्या सुमाराची. हिचं इंजिन गाडीच्या मधोमध एका छोट्या वेगळ्या खोक्यात असतं आणि त्यातून एक अरुंद बोळ जातो. हा बोळ म्हणजे गाडीचा गळा. मोठी बॅग किंवा बाळाची गाडी घेऊन यातून जाण्याचा प्रयत्न करू नका. चढतानाच योग्य अर्ध्यात चढा. आवाज नको असेल तर खोक्यापासून लांब, टोकाकडे बसा. मधला बराचसा भाग फलाटाच्या पातळीला आहे, टोकांना मात्र पायऱ्या चढाव्या लागतात. नवी विंक गाडी २०२१ च्या सुमारास सेवेत आली. ती वनस्पती तेल आणि टाकाऊ चरबीपासून बनवलेल्या डिझेलवर चालते, ब्रेक लावताना तयार होणारी वीज बॅटरीत साठवते, आणि दार उघडताना फलाटाकडे सरकती पायरी बाहेर काढते. चाकाच्या खुर्चीवरून प्रवास करणाऱ्यांसाठी ही पायरीच सगळ्यात मोठी सुधारणा. दोन्ही प्रकारांत दार आपोआप उघडत नाही, दारावरचं बटण दाबावं लागतं. छोट्या स्थानकावर शिष्टपणे दारासमोर उभं राहिलात तर गाडी तुम्हाला तसंच पुढे घेऊन जाईल.

वेळापत्रकाचं गणित असं. कामाच्या दिवशी लेवार्डन ते स्नेक साधारण दर अर्ध्या तासाला गाडी असते, स्नेक ते स्तावोरन तासाला एक. संध्याकाळी आणि रविवारी फेऱ्या आणखी विरळ होतात. स्नेकला वीसएक मिनिटांत पोहोचता येतं, संपूर्ण प्रवास तासाभराच्या आत होतो. खरी मेख एकेरी मार्गात आहे. समोरासमोरच्या गाड्या ठरावीक स्थानकांवरच एकमेकींना ओलांडू शकतात, त्यामुळे लेवार्डनला पाच मिनिटं उशीर झाला तर तो समोरून येणाऱ्या गाडीच्याही माथी बसतो आणि दोन्ही दिशांना पसरत जातो. लेवार्डनला झ्वोलेहून येणारी इंटरसिटी उशिरा आली तर इकडची गाडी फार वेळ ताटकळत नाही, कारण तिने वाट पाहिली तर पुढचं सगळं क्रॉसिंग बिघडतं. स्नेकला जाणाऱ्याचं अर्धा तास नुकसान, वोर्कमला जाणाऱ्याचं एक तास. म्हणून स्नेकच्या पुढे जायचं असेल तर लेवार्डनला किमान पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. साडेचारऐवजी साडेतीन गुण इथेच पडतात.

तिकिटात चूक होण्याची जागा एकच, पण ती जवळजवळ प्रत्येक नवखा करतो. लेवार्डनला एनएसच्या गाडीतून उतरून अरीव्हाच्या गाडीत बसताना आधी एनएसच्या कार्ड वाचणाऱ्या खांबावर कार्ड लावून प्रवास बंद करायचा आणि मग अरीव्हाच्या खांबावर तेच कार्ड लावून पुन्हा सुरू करायचा. दोन्ही खांब वेगळे, चिन्हं वेगळी. ओव्ही-चिपकार्ट हे सार्वजनिक वाहतुकीचं चिप कार्ड असो वा संपर्करहित बँक कार्ड, नियम तोच. फोनमधलं कार्ड आणि खिशातलं तेच प्लॅस्टिक कार्ड यंत्राला दोन वेगळी कार्डं वाटतात. चढताना फोन लावला असेल तर उतरतानाही फोनच. एका कार्डावर दोन माणसं चालत नाहीत. मधल्या स्थानकांवर फाटकं नाहीत, नुसते खांब आहेत, त्यामुळे उतरून गप्पा मारत बाहेर पडताना कार्ड लावायचं राहून जातं आणि दंडासारखी जास्तीची रक्कम कापली जाते. सायकल घेऊन जाणाऱ्यांनी गर्दीची वेळ टाळावी, तेव्हा पूर्ण आकाराची सायकल नेता येत नाही. घडीची सायकल घडी घालून कधीही नेता येते. रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस चालवली असेल तर मोठी सायकल विसरा.

आता स्थानकं. या मार्गाची गंमत अशी की फ्रीसलंडच्या प्रसिद्ध अकरा शहरांपैकी सहा याच रुळांवर आहेत: लेवार्डन, स्नेक, आइल्स्ट, वोर्कम, हिंदेलोपन आणि स्तावोरन. जवळजवळ २०० किलोमीटरची ‘एल्फस्टेडनटोख्त’ ही बर्फावरची स्केटिंगची शर्यत याच अकरा शहरांतून जाते. ती शेवटची झाली ४ जानेवारी १९९७ ला, तेव्हापासून कालव्यांवरचा बर्फ पुरेसा जाड झालेला नाही. शर्यत आइल्स्टनंतर स्लोटनला वळून स्तावोरनला येते आणि तिथून उत्तरेला हिंदेलोपन, वोर्कम करत जाते. म्हणजे गाडी शेवटची तीन शहरं शर्यतीच्या उलट क्रमाने घेते. २०१८ मध्ये लेवार्डन युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, तेव्हा या अकराही शहरांत एकेक कारंजं उभारलं गेलं. लेवार्डन स्थानकाबाहेर पडताच समोर मुलांचे दोन पांढरे प्रचंड चेहरे दिसतात, ते स्पॅनिश शिल्पकार हाउमे प्लेन्साचं काम.

मांटखुम हे लहान गाव. सभोवार सपाट कुरणं, मधूनमधून जमिनीपासून थोडी उंच बसलेली गावं आणि चर्चचे मनोरे. हे उंचवटे नैसर्गिक नाहीत. बांध नव्हते त्या काळात पुरापासून वाचण्यासाठी माणसांनी माती आणि शेण रचून केलेले ते ‘टेर्प’ आहेत. खिडकीतून टेर्प ओळखता येऊ लागले की हा सपाट प्रदेश कंटाळवाणा राहत नाही. स्नेक नोर्ड वस्तीसाठीचा थांबा, प्रवाशाला तिथे उतरायचं कारण नाही.

स्नेकच्या नावाचा सापाशी काही संबंध नाही. मार्गावरचं हे सर्वांत व्यवहारी शहर. स्थानकापासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की १६१३ चं वॉटरपोर्ट लागतं: पाण्यावर उभी असलेली, दोन अष्टकोनी बुरुजांची शहराची वेस. कपड्यांची सी अँड ए ही साखळी १८४१ मध्ये दोन भावांनी इथेच सुरू केली. स्थानकाला लागूनच रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचं संग्रहालय आहे, पावसाच्या दिवशी त्याचा मोठा आधार. ऑगस्टच्या सुरुवातीला इथे ‘स्नेकवेक’ ही शिडाच्या होड्यांची शर्यत असते. त्या आठवड्यात संध्याकाळच्या गाडीत बसायला जागा मिळेल ही आशा ठेवू नये.

आइल्स्टला मुद्दाम उतरावं. लाकडाचं हे गाव. नोयटखेडाख्तचा कारखाना इथलाच, त्याचे स्केट आणि सुतारकामाची रंधे-पटाशी जुन्या डच घरांत हमखास सापडतात. ‘दे रॅट’ ही पवनचक्की लाकूड कापते, धान्य दळत नाही. गावाची रचना आणखी मजेची: घर एका बाजूला, मध्ये रस्ता, आणि घराची बाग रस्त्यापलीकडे पाण्याच्या काठाला. एका फेरीची गाडी सोडून पुढची पकडली तर बघणं व्यवस्थित होतं.

आइल्स्टपासून वोर्कमपर्यंत तळ्यांचा प्रदेश आहे आणि वसंतात या ओल्या कुरणांत लांब चोचीचे ग्रुटो पक्षी उतरतात. वोर्कम स्थानक गावाच्या कडेला आहे, चौकापर्यंत पायी साधारण वीस मिनिटं धरा. तिथलं योपी हाउसमन संग्रहालय चुकवू नका. हा भंगार आणि चिंध्या गोळा करणारा माणूस, पुढे स्वतःच चित्रकला शिकला, आणि त्याने फाटके बूट, ठिगळाच्या चड्ड्या, जुनी बाहुली अशा वस्तू इतक्या आस्थेने रंगवल्या की बघणारा हलतो.

हिंदेलोपनला स्थानक ते गाव हे अंतर याहून जाचक आहे. फलाटावरून मनोरा दिसतो, म्हणून जवळ वाटतं, पण वीस-पंचवीस मिनिटं उघड्या माळावरून चालायचं आहे, आणि समोरून वारा असेल तर त्याहून जास्त. लहान स्थानकांवर भाड्याची सायकल मिळेल असं गृहीत धरू नका. पावसाळी अंगरखा घ्या, छत्री इथे दुसऱ्याच मिनिटाला उलटते. गाव मात्र या पायपिटीच्या मोलाचं. एकेकाळी बाल्टिक समुद्रात व्यापार करणाऱ्या कप्तानांचं हे ठाणं. लाल, हिरव्या, निळ्या रंगांत फुलंपानं काढलेलं लाकडी सामान हा त्यांचा वारसा, आणि त्यांची स्वतःची बोलीही आहे, जी शेजारच्या गावची माणसंही नीट समजत नाहीत. स्केटचं संग्रहालयही इथेच.

काउडम-मोल्कवेरम हे जोडनाव दोन गावांना खूश ठेवण्यासाठी. स्थानक दोघांच्या मध्ये आहे, म्हणजे खरं तर दोघांपासून लांब.

एक भ्रम आधीच दूर करतो. वोर्कमनंतर गाडी आयसलमेअरच्या काठाकाठाने जाते असं नकाशावर दिसतं, आणि लोक उजवीकडची खिडकी पकडून बसतात. खिडकीतून पाणी दिसत नाही, दिसतो हिरवा बांध आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्या. रूळ खाली, तळं बांधापलीकडे. पाणी दिसतं ते एकदम स्तावोरनला, गाडीतून उतरल्यावर.

स्तावोरनचं स्थानक बंदराला खेटून आहे. रेल्वे कोणासाठी बांधली होती, हे इथे उभं राहिलं की सांगावं लागत नाही. बंदराजवळ डोळ्यांवर हाताची सावली धरून समुद्राकडे बघणाऱ्या बाईचा पुतळा आहे. गर्विष्ठ श्रीमंत विधवेने कप्तानाला जगातली सर्वांत मौल्यवान वस्तू आणायला पाठवलं, त्याने गहू आणला, तिने तो समुद्रात फेकायला लावला, आणि मग तिची आणि शहराची दैना झाली, अशी ही दंतकथा. अन्नाचा अपमान म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाला वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

एंकहाउझनची बोट अजून चालते, पण आता ती उन्हाळी सोय आहे: वसंतापासून शरदापर्यंत, दिवसाला मोजक्या फेऱ्या, माणसं आणि सायकली चालतात, मोटारी नाहीत. पलीकडे जायला सुमारे दीड तास लागतो. रेल्वेचं कार्ड तिच्यावर चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी काही दिवस ती नसते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, आणि त्यावरून गाडी निवडा, उलट नको. एंकहाउझनला उतरलात की तिथून ॲमस्टरडॅम गाडीने तासाभरावर. शेवटची बोट चुकली तर मात्र लेवार्डन, झ्वोले असा वळसा घेत अर्धा दिवस खर्ची पडतो. हिवाळ्यात तर पर्यायच नसतो. गाडी काही मिनिटं थांबते, चालक दुसऱ्या टोकाच्या खोलीत जाऊन बसतो, आणि ती आल्या वाटेने परत निघते.