कणीक, माती की लगदा: लहान मुलाच्या हातात काय द्यायचं?

मुलाला मळायला काय द्यावं हे बहुतेक घरांत वयावरून ठरतं. वयाआधी दोन गोष्टी बघा. हातातली वस्तू अजून तोंडात जाते का, आणि सध्या महिना कोणता चालू आहे. दोन वर्षांचं एखादं मूल काहीच तोंडात घालत नाही, तर तीन वर्षांचं दुसरं खडूसुद्धा चावतं. महिन्याचं म्हणाल तर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळात उघडा ठेवलेला गोळा दुपारपर्यंत कडक होतो, आणि तोच गोळा श्रावणात चार दिवस वाळत नाही.

तोंडात जात असेल तर उकड

घरी मळलेली साधी कणीक खाण्याचीच म्हणून बिनधास्त दिली जाते. पण कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, म्हणून शिजवलेलं पीठ बरं. १ वाटी पाण्यात १ चमचा तेल घालून उकळी आणा. त्यात १ वाटी तांदळाचं पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून ५ मिनिटं झाका आणि कोमट असताना मळा. मीठ घालू नका. काठाला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. जुन्या पिठाची भाकरी थापली जात नाही तेव्हा आपण गरम पाणी घालतो, त्याचंच हे मोठं रूप आहे: उष्णतेने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि गोळा एकजीव राहतो. ज्वारीचीही उकड होते, पण ती लवकर चिरते.

गोळा मुलाच्या मुठीपेक्षा मोठा द्या आणि समोर बसून राहा. तुटलेले बारीक तुकडे लगेच उचला, कारण उकड चिकट असते आणि घशात अडकू शकते. तास-दोन तासांत खेळ संपला की टाकून द्या. शिजलेलं पीठ उन्हाळ्यात बाहेर ठेवून संध्याकाळी पुन्हा हातात देऊ नये.

मिठाची शिजवलेली कणीक

हिचा मोठा गुण म्हणजे टिकणं. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, २ वाट्या पाणी, दीड मोठा चमचा तेल आणि एका लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच एकत्र करून गुठळ्या मोडा, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. ४-५ मिनिटांत गोळा कढईच्या कडा सोडतो. बोटाला चिकटत नाही इतपत झाला की उतरवा आणि कोमट असताना मळा. गव्हाच्या पिठाचाही होतो, पण कोंड्यामुळे ताणला की तुटतो. रंग हवा तर पाण्यातच हळद किंवा पालकाचा रस घाला. बिटाचा रंग शिजताना विटतो. होळीचा उरलेला रंग मात्र अजिबात नको.

बिघडतं ते बहुधा दोन कारणांनी. लवकर उतरवला तर दुसऱ्या दिवशी हाताला चिकटतो. तो पुन्हा २ मिनिटं शेका, वरून मैदा भुरभुरू नका, त्याने फक्त वरची साय कोरडी होते. जास्त शिजला तर भुगा होतो, मग थोडं गरम पाणी आणि तेल लावून मळा. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे सहज राहतो. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून डबा उघडला की गोळा ओला लागतो. याच कारणाने या कणकेचा बैल पोळ्याला करू नका. देव्हाऱ्यासमोर ठेवलेला बैल संध्याकाळपर्यंत घामेजतो आणि पाय बसतात.

आता खरा धोका. वरच्या मापात वजनाने पाव भागाहून जास्त मीठ असतं. लिंबाएवढा, म्हणजे ४० ग्रॅमचा गोळा पोटात गेला तर सुमारे १० ग्रॅम मीठ गेलं. दहा किलोच्या मुलासाठी ही साधी बाब नाही. असं झालं तर तडक डॉक्टरकडे जा. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायची जुनी सवय इथे तर दुप्पट घातक. वस्तू तोंडात घालायची सवय पूर्ण सुटल्यावरच ही कणीक द्या. संपलेला गोळा कुंडीत टाकू नका, मिठाने झाड जळतं.

माती

तीन वर्षांपुढच्या मुलासाठी आमचं मत मातीकडे झुकतं. कणीक दाबली की पुन्हा गोल होऊ पाहते, माती मात्र दिलेला आकार धरून ठेवते, आणि मुलाला आपल्या बोटांचा परिणाम दिसतो.

फक्त शेतातली काळी माती तशीच आणू नका. ओली झाली की ती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा अशा मातीच्या बैलाच्या पाठीवरही पडतात. शिवाय कपाशीच्या रानात फवारण्या झालेल्या असतात. कुंभाराकडून मळलेली माती मागून आणणं सगळ्यात सोपं. गणपतीच्या आधी बाजारात शाडू मिळतो, तो कमी चिरतो. १ किलो कोरड्या शाडूला साधारण ३५० ते ४०० मिली पाणी लागतं. ते थोडं थोडं घाला, मळून प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर मुरू द्या. नदीच्या गाळाची माती असेल तर एक दिवस पाण्यात भिजवा, जुन्या सुती कापडातून गाळा, खाली बसली की वरचं पाणी ओता आणि तिला चौथा हिस्सा बारीक चाळलेली वाळू घाला.

कापसाच्या मुलखात राहण्याचा फायदा इथे घ्या. सरकी काढलेला मूठभर कापूस पिंजून १ किलो मातीत मळला की धागे मातीला धरून ठेवतात आणि चिरा बऱ्याच कमी होतात.

शिंगं आणि पाय वेगळे चिकटवले की गळतातच, कारण बारीक भाग आधी वाळतो आणि जोडापासून सुटतो. ते धडाच्याच गोळ्यातून ओढून काढा, पाय आखूड आणि जाड ठेवा. जोड द्यायचाच असेल तर दोन्ही बाजू काडीने खरवडून पातळ चिखल लावून दाबा. सावलीत वाळवा. एप्रिल-मेमध्ये पहिला दिवस वर ओलं फडकं ठेवा, नाहीतर वरचा थर कडक होतो आणि आत ओल राहून तो फाटतो.

बैलाच्या डोळ्यांना गुंजा (लाल-काळ्या बिया) लावायची पद्धत मोडीत काढा, खान्देशात मुली बसवतात त्या गुलाबाईच्या मूर्तींसाठीही. गुंजेची बी चावली गेली तर जीवघेणी विषारी आहे, एरंडीची बीही तशीच. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात सव्वा इंच रुंदीच्या नळीतून जाईल असा कुठलाच सुटा तुकडा नको. डोळे काडीने टोचून होतात.

मूल माती खातच असेल तर ती हातात देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. रक्तात लोह कमी असलं की ही खोड बऱ्याचदा दिसते.

कागदाचा लगदा

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला यातलं फाडण्याचं आणि कुस्करण्याचं कामच आवडतं, वाळेपर्यंत थांबणं त्याच्या ताकदीबाहेरचं. २५० ग्रॅम वर्तमानपत्राचे इंचभर तुकडे एक दिवस भिजवा, भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवा, कापडात पिळा. ५० ग्रॅम मेथ्या रात्रभर भिजवून वाटून मिसळा. मेथीचा बुळबुळीतपणा डिंकाचं काम करतो. गुळगुळीत मासिकाचा कागद नीट भिजत नाही, तो वगळा. वाटीच्या आतून तेल लावून अर्धा सेंटिमीटर थर द्या. बाहेरून दिलात तर वाळताना आक्रसून वाटी आवळतो आणि फुटतो. मेमध्ये दोन दिवसांत वाळतो, जुलैत बुरशी धरतो. काळे ठिपके आले तर टाकूनच द्या. बुरशी नको म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालण्याची पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची युक्ती मुलांच्या कामात चालत नाही, ते विष आहे. छापील शाईमुळेही हा लगदा तोंडात घालणाऱ्या मुलाला नको.

थोडक्यात निवडायचं झालं तर: रांगणाऱ्याला उकड, डब्यात दोन-तीन आठवडे टिकणारं काही हवं असेल तर मिठाची कणीक, पोळा आणि गुलाबाईला माती, दिवाळीनंतर ते मेपर्यंत लगदा. घरात रांगणारं आणि शाळकरी अशी दोघं असतील तर दोघांना उकडच द्या. मोठ्याचा मिठाचा गोळा धाकट्याच्या हाती लागायला पाठ फिरवण्याएवढाच वेळ लागतो.

ज्वारीच्या धांड्याच्या (वाळलेल्या ताटाच्या) गाड्या या तुलनेत घेतल्या नाहीत, कारण सोललेल्या धांड्याची कड बोट कापते. गाडी मोठ्या माणसाने करून द्यावी आणि मुलाने नुसती ओढावी.

उरलेली माती बेसिनमध्ये धुऊ नका, नळी तुंबते. हात बादलीत धुवा, ते पाणी झाडाला घाला आणि खाली बसलेला गाळ वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवा.