जागतिक प्रार्थना दिनाचा संच: महिला मंडळाला कितपत झेपतो?

मार्चचा पहिला शुक्रवार म्हणजे जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एका देशातील ख्रिस्ती स्त्रिया कार्यक्रम लिहितात आणि दीडशेहून अधिक देशांत तोच चालवला जातो. १८८७ मध्ये अमेरिकेत मेरी एलन जेम्स या प्रेस्बिटेरियन बाईंनी प्रार्थनादिनाची हाक दिली होती. १९२७ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. या कार्यक्रमासाठी मिळणाऱ्या छापील संचात उपासनाक्रम, बायबल अभ्यास, देशाची माहिती, मुलांचा कार्यक्रम, गीते आणि त्या देशातील चित्रकर्तीचे चित्र असते. इथे तो वापरायच्या साधनाच्या नजरेने पाहिला आहे. चर्चच्या महिला मंडळातील सेक्रेटरी बाईंच्या हाती जानेवारीत प्रत पडली, तर ६ आठवड्यांत तिचे काय करता येईल?

सगळ्यात मोठा गुण आधी सांगतो. हा उपासनाक्रम एकट्या वक्त्या बाईसाठी लिहिलेलाच नसतो. पुढारी, वाचक, निवेदक, प्रार्थना करणाऱ्या असे भाग पाडलेले असल्यामुळे १२ ते १५ जणींना काम मिळते. आपल्या मंडळांत प्रार्थना पाळकबाईंची (पाळकांच्या पत्नीची), संदेश पाहुण्यांचा, बाकीच्या फक्त ‘आमेन’पुरत्या, ही घडी हा कागद न भांडता मोडतो. माइकपुढे कधी उभी न राहिलेली बाई चार ओळी वाचते आणि पुढच्या वर्षी तिला बायबल अभ्यास देता येतो. नवे नेतृत्व घडवायला याहून स्वस्त साधन नाही. मात्र भाग वाटताना पंचक्रोशीतल्या सगळ्या मंडळ्यांना (चर्चना) निदान एकेक द्यावा. यजमान मंडळीनेच सगळे वाचले, तर पुढच्या वर्षी बाकीच्या येत नाहीत.

२०२६ साठी नायजेरियाच्या स्त्रियांनी मत्तय ११:२८-३०, म्हणजे ‘मी तुम्हांला विसावा देईन’ हे येशूचे वचन, घेतले आहे. मराठीत हा विषय मुळापेक्षाही सरस उतरतो, कारण ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ हे वचन आपल्या तोंडी बसलेले आहे. भाषांतरात ‘विश्रांती’ आली असेल तर खोडून ‘विसावा’ करावे. विश्रांती डॉक्टर सांगतात, विसावा ओझे उतरवल्यावर मिळतो. गरिबी, हिंसा, असुरक्षितता ही तिथली ओझी आहेत. पण नायजेरियाची बाई डोक्यावर भार वाहते आणि आपलीही वाहते, तेव्हा वेदीपुढच्या सजावटीला झेंडा किंवा थर्माकोलचा नकाशा लागत नाही. एक चुंबळ, तिच्यावर टोपली, टोपलीत जड दगड एवढे पुरे. प्रार्थनेच्या वेळी एकेकीने दगड काढून खाली ठेवावा.

२०२५ मध्ये कुक बेटांच्या स्त्रियांनी स्तोत्र १३९ घेतले होते. तिथे वेगळीच अडचण होती. आपल्या शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, ‘भयप्रद व अद्भुत रीतीने माझी घडण झाली आहे, म्हणून मी तुझे उपकारस्मरण करतो’ असे आहे. सभागृहभर बायका आणि वचन ‘करतो’! काही जणी आपोआप ‘करते’ म्हणतात, काही अडखळतात आणि एका सुरातले वाचन फिसकटते. शास्त्राचे शब्द बदलायला वडील मंडळी नाराज असतील तर ते वचन एकीनेच वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. अशा जागा आठवडाभर आधी मोठ्याने वाचल्याशिवाय सापडत नाहीत.

एकत्र वाचनात आणखी दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. कोणाकडे जुनी आवृत्ती असते, कोणाकडे सोप्या मराठीतली, कोणाकडे मोबाइल. म्हणून ‘आपापले शास्त्र उघडा’ न म्हणता वचन कागदावरच छापावे. दुसरी जागा प्रभूच्या प्रार्थनेची. कॅथलिक भगिनी ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ याच्या आधी थांबतात, प्रोटेस्टंट पुढे जातात, आणि अर्धे सभागृह एकमेकींकडे बघते. काय म्हणायचे ते ठरवून पूर्ण प्रार्थना छापली की प्रश्न मिटतो.

आता दोष. संच वाचण्यासाठी लिहिलेला आहे आणि आपले महिला मंडळ गाते. सर्वांनी म्हणायचे प्रतिसाद कधी कधी चार-पाच ओळींचे असतात. ते एका ओळीवर आणावेत, नाहीतर पुढच्या दोन रांगांचाच आवाज येतो. गीतांची स्वरलिपी पाश्चात्त्य, ती पेटी-ढोलकीवाल्यांच्या कामाची नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्या देशाचे एक गीत रेकॉर्डिंग लावून ऐकवावे, बाकीची ‘उपासना संगीत’ या मराठी गीतपुस्तकातून घ्यावीत, आणि नुसता क्रमांक न देता शब्दही छापावेत. सगळ्या मंडळ्यांत तेच पुस्तक नसते.

देशाची माहिती हा दुबळा दुवा. तो भाग बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे जातो आणि ती लोकसंख्या, राजधानी, नद्या, पिके असा भूगोलाचा धडा वाचते. ४ मिनिटांची मर्यादा घालावी, म्हणजे साधारण ४०० शब्द, आणि त्यात ज्या गोष्टींसाठी पुढे प्रार्थना होणार आहे तेवढ्याच घ्याव्यात. शिवाय देश आणि विषय काही वर्षे आधी ठरतो, त्यामुळे मजकूर बातम्यांच्या मागे पडतो. २०२४ चा पॅलेस्टाईनच्या स्त्रियांचा कार्यक्रम २०२३ च्या ऑक्टोबरातील युद्धापूर्वीच लिहिला गेला होता. तेव्हा ताजी परिस्थिती सांगणारा एक परिच्छेद यजमान मंडळानेच जोडायला हवा.

वेळेचे गणित मात्र संचामुळे बिघडत नाही, ते आपण बिघडवतो. कार्यक्रम तासा-सव्वातासात बसतो. त्यात स्वागत, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय भाषण आणि सहा मंडळ्यांची विशेष गीते घुसली की अडीच तास होतात, आणि स्वयंपाकाची वेळ झालेल्या बायका दानार्पणाआधीच उठतात. विशेष गीते दोनच ठेवावीत, सत्कार चहाच्या वेळी उरकावा. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ यांचाही विचार हवा: दुपारी ३ ला नोकरदार येत नाहीत, संध्याकाळी ७ ला लांबच्या गावच्या. साडेपाच ही त्यातल्या त्यात बरी वेळ.

छपाई करताना ए-फोर कागद मधोमध दुमडला की ४ पाने होतात, म्हणून मजकूर ८ किंवा १२ पानांत बसवावा. ९ पानांचा मजकूर तीन कोरी पाने वाया घालवतो. अक्षर १४ पॉइंटपेक्षा लहान नको, निम्म्या जणी चष्मा घरी विसरतात. १०० बायकांना ६० प्रती पुरतात, दोघींत एक, आणि वाचणाऱ्यांच्या वेगळ्या. त्यांच्या प्रतीत स्वतःचा भाग पेनाने चौकटीत घालून द्यावा. सरावाला सगळ्या जणी मिळत नसतील, तर निदान पुढारी आणि पेटीवाल्याने एकदा बसावे.

मुलांचा कार्यक्रम चांगला असतो, पण बायबल अभ्यासाच्या वेळी मुलांना वेगळ्या खोलीत नेणारी दोन माणसे आधी ठरवली तरच. माणसे पुरुष मंडळातून घ्यावीत.

‘माहितीसह प्रार्थना, प्रार्थनेसह कृती’ हे या चळवळीचे ब्रीद. यातली कृती आपल्याकडे दानार्पणाच्या थैलीत संपते, आणि पैसे कुठे जाणार हे कित्येकदा जाहीरच होत नाही. रक्कम दोघींनी त्याच दिवशी मोजून वहीत सह्या कराव्यात, आणि किती जमले, कुठे पाठवले हे पुढच्या रविवारी मंडळीपुढे वाचून दाखवावे.