स्पेक्स वर्णपटमापक: तपकिरी बटूंसाठी अजूनही भरवशाचा

हवाईतल्या मौनाकेआ पर्वतावरच्या ३.२ मीटरच्या आयआरटीएफ या नासाच्या अवरक्त दुर्बिणीवर बसवलेलं हे उपकरण. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या जमान्यात जुनाट वाटेल, पण तपकिरी बटूंच्या (ग्रहांहून जड, पण ताऱ्यांसारखं हायड्रोजन जाळू न शकणाऱ्या गोलांच्या) वातावरणाची पहिली ओळख करून घ्यायला याचा प्रिझम मोड अजून तोडीस तोड आहे. ०.७ ते २.५ मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा एका दमात मिळतो. प्रकाश आत घेणारी फट ०.५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) ठेवली तर विभेदन, म्हणजे जवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवायची क्षमता, जेमतेम १२०, तरी १.४ आणि १.९ मायक्रॉनजवळची पाण्याची खोल दरी आणि टी वर्गात (थंड तपकिरी बटूंमध्ये) १.६ व २.२ जवळचे मिथेनचे खड्डे स्वच्छ दिसतात. १.२५ जवळच्या पोटॅशियमच्या बारीक रेषा मोजायच्या असतील, तर मात्र जास्त विभेदनाचा एसएक्सडी मोड घ्यावा.

खरी गोची होते ती पृथ्वीच्या हवेतल्या बाष्पामुळे. म्हणून बटू फटीवरच्या ए आणि बी या दोन जागांमध्ये ए-बी-बी-ए क्रमाने हलवायचा (म्हणजे आकाशाचा उजेड वजा करता येतो), आणि बाष्पाचा परिणाम काढून टाकायला शेजारचा ए-शून्य वर्गाचा (साध्या, ओळखीच्या वर्णपटाचा) तारा लगेच घ्यायचा. दोघांच्या वायुमानात (प्रकाशाच्या वाटेतल्या हवेच्या जाडीत) ०.१ पेक्षा जास्त फरक पडला की पाण्याच्या पट्ट्यांच्या कडा वेड्यावाकड्या येतात. ए-शून्य तारा फार तेजस्वी निवडला, तर प्रिझममध्ये डिटेक्टर चटकन संपृक्त होतो, म्हणजे भरून जातो आणि पुढचा प्रकाश मोजत नाही. फट पॅरालॅक्टिक कोनात (हवा रंग ज्या दिशेने पसरवते त्या दिशेत) नसेल तर निळ्या टोकाचा प्रकाश गळतो आणि वर्णपटाचा उतार खोटा निघतो. मग धूळढगांबद्दलचे निष्कर्षही खोटेच.

निरीक्षणांवर प्रक्रिया करणारी स्पेक्सटूल ही संगणक-प्रणाली उत्तम, फक्त ती ज्या आयडीएल या संगणकभाषेत चालते तिचा परवाना खिशाला जड. निरीक्षण घरबसल्या करता येतं. पुण्यातून केलं तर रात्रीचं जागरणही नाही: हवाईत संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा.